एका मूळ संख्येची घडण : २,१४,७४,८३,६४७

१ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही धन पूर्णांकाने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. अशा संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध केले. परंतु मोठ्या मूळ संख्यांपैकी बहुतेकींविषयी त्या मूळ आहेत यापलीकडे सांगण्यासारखे फारसे काही नसते. मोजक्या संख्यांना मात्र अशी घडण लाभलेली असते की त्यांचे मूळपण सिद्ध करणे, त्यांच्यावरून दुसऱ्या संख्या मिळवणे आणि त्यांचा व्यवहारात उपयोग करणे हे सारे त्या घडणीमुळेच शक्य होते. २,१४,७४,८३,६४७ म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही अशाच मोजक्या संख्यांपैकी एक आहे. आजच्या मापाने ती मोठी नाही, कारण चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्याही आता ज्ञात आहे. तरीही संख्या-सिद्धांताच्या इतिहासात आणि संगणकाच्या व्यवहारात तिने जे स्थान मिळवले आहे, ते तिच्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या असंख्य मूळ संख्यांना मिळालेले नाही.

घडण

२ ला २ नेच गुणत जाऊन ३१ वा घात काढला आणि त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी दुप्पट करत गेल्यास पहिल्या ३१ घरांतील दाण्यांची बेरीज नेमकी एवढीच भरते. केवळ ० आणि १ या दोन अंकांनी संख्या लिहिण्याची जी द्विमान पद्धती संगणकात वापरली जाते, तिच्यात ही संख्या सलग ३१ वेळा १ लिहून दाखवली जाते. २ चा एखादा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. २ चा न-वा घात वजा १ या संख्येसाठी येथे म(न) अशी खूण वापरली आहे. म्हणजे प्रस्तुत संख्या म(३१) होय.

म(न) मूळ असण्यासाठी न ही संख्या मूळ असलीच पाहिजे. न संयुक्त असेल, म्हणजे दोन लहान संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असेल, तर म(न) चेही अवयव ताबडतोब हाती येतात: ६ म्हणजे २ गुणिले ३, म्हणून म(६) म्हणजे ६३ या संख्येला म(२) म्हणजे ३ आणि म(३) म्हणजे ७ या दोघांनीही भाग जातो. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. ११ ही मूळ संख्या असूनही म(११) म्हणजे २०४७ ही २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. त्यामुळे मूळ घातांकांपैकी कोणते घातांक खरोखर मूळ संख्या देतात, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि या तपासणीचा इतिहास चार शतकांहून अधिक काळ चालत आलेला आहे.

मर्सेनची यादी

इटालियन गणिती पिएत्रो कातालदी याने म(१७) आणि म(१९) या संख्या मूळ असल्याचे १५८८ पर्यंत दाखवून दिले होते. म(१९) म्हणजे ५,२४,२८७ या संख्येसाठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी एकेक भागाकार करून पाहणे हाच त्याचा मार्ग होता. यापुढे जाऊन त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही मूळ संख्याच देतात असे सांगितले, परंतु ते सिद्ध केले नव्हते. पिएर द फर्मा याने १६४० मध्ये म(२३) ला ४७ ने आणि म(३७) ला २२३ ने भाग जातो हे दाखवले, आणि अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलरने म(२९) चा २३३ हा अवयव शोधला. कातालदीच्या या चार दाव्यांपैकी ३१ चा दावा तेवढा टिकून राहिला होता.

फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन हा त्या काळातील युरोपीय विद्वानांशी पत्रव्यवहार करणारा आणि एकाचे संशोधन दुसऱ्यापर्यंत पोचवणारा महत्त्वाचा दुवा होता. १६४४ मध्ये त्याने २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हेच मूळ संख्या देतात असे विधान प्रसिद्ध केले. त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांनी म(२५७) सारखी ७८ अंकी संख्या तपासणे अशक्य होते, आणि पुढे या यादीत पाच चुका आढळल्या: ६७ आणि २५७ हे घातांक संयुक्त संख्या देतात, तर ६१, ८९ आणि १०७ हे मूळ संख्या देणारे घातांक यादीतून सुटले होते. तरीही या विधानाने पुढील तीनशे वर्षांच्या संशोधनाला नेमका प्रश्न दिला, आणि त्यामुळेच या संख्यांना मर्सेनचे नाव मिळाले.

ऑयलरची चाळणी

म(३१) चे वर्गमूळ ४६,३४० आणि ४६,३४१ यांच्या दरम्यान येते. एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा नसतो. म्हणून केवळ भागाकाराच्या बळावर म(३१) चा निकाल लावायचा तर ४६,३४० पर्यंतच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. ऑयलरने हे काम संख्येच्या घडणीचा आधार घेऊन सुमारे साठपटीने कमी केले. ही युक्ती म्हणजे अंकगणितातील नेमक्या तर्काचा उत्तम नमुना आहे.

समजा, क ही मूळ संख्या म(३१) ला निःशेष भागते. याचा अर्थ, २ च्या ३१ व्या घाताला क ने भागल्यास बाकी १ उरते. २ चे घात एकामागून एक घेऊन प्रत्येकाला क ने भागत गेल्यास येणाऱ्या बाक्यांचे एक चक्र बनते, आणि ठरावीक पावलांनंतर बाकी पुन्हा १ वर येते. या चक्राची लांबी ३१ ची विभाजक असलीच पाहिजे. परंतु ३१ ही स्वतः मूळ असल्यामुळे ती लांबी १ किंवा ३१ एवढीच असू शकते, आणि १ असणे शक्य नाही, कारण कोणत्याही मूळ संख्येने २ ला भागल्यावर १ बाकी उरून चक्र तेथेच संपायचे असेल, तर त्या मूळ संख्येने १ लाच भाग जावा लागेल. म्हणून चक्राची लांबी ३१ आहे. आता फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (क − १) व्या घाताला क ने भागल्यासही बाकी १ च उरते, त्यामुळे क − १ या संख्येला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय क विषम आहे, म्हणून क − १ सम आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की क ला ६२ ने भागल्यास बाकी १ उरते हे निश्चित होते.

दुसरी अट आणखी एका निरीक्षणातून मिळते. २ चा ३१ वा घात क च्या हिशेबात १ इतका असेल, तर ३२ वा घात २ इतका होतो; परंतु ३२ वा घात हा १६ व्या घाताचा म्हणजे ६५,५३६ चा वर्ग आहे. म्हणजेच एका पूर्ण वर्गाला क ने भागल्यावर २ बाकी उरते, आणि ज्या विषम मूळ संख्यांच्या बाबतीत असे घडते त्यांना ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च येते. ६२ ची अट आणि ८ ची अट जुळवली की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यांपैकीच एक असली पाहिजे, असा निष्कर्ष निघतो. ४६,३४० च्या आत अशा संख्या तीनशे सत्तरच्या घरात आहेत, आणि त्यांतील मूळ संख्या ऐंशीच्या आसपास आहेत.

या चाळणीचा आरंभ हाताने करून पाहण्यासारखा आहे. ६३ ही ७ आणि ९ यांचा गुणाकार असल्यामुळे ती बाद होते. २४९ ला ३ ने भाग जातो, म्हणून तीही बाद. त्यापुढील ३११ ही मूळ आहे, म्हणून तिने भागून पाहावे लागते: ३११ गुणिले ६९,०५,०९२ केले की २,१४,७४,८३,६१२ येतात आणि बाकी ३५ उरते, म्हणजे ३११ हा अवयव नाही. त्यानंतर येणाऱ्या ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५ आणि १२४१ या सर्व संयुक्त आहेत, त्यामुळे पुढचा भागाकार थेट १३०३ ने करावा लागतो. ऑयलरने अशा रीतीने शेवटपर्यंत जाऊन एकाही संख्येने निःशेष भाग जात नाही हे पाहिले आणि म(३१) मूळ असल्याचा निष्कर्ष गणिती बर्नुली याला लिहिलेल्या पत्रातून कळवला, जे बर्लिनच्या विज्ञान अकादमीच्या १७७२ च्या प्रकाशनात आले. त्या वेळी ऑयलर सेंट पीटर्सबर्गमध्ये होता, वयाची पासष्टी त्याने गाठली होती आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. यावरून त्याच्या स्मरणाचा आणि मनोगणिताचा आवाका लक्षात यावा. त्यापूर्वीचा उच्चांक असलेली ६७,००,४१७ ही मूळ संख्याही ऑयलरच्याच अवयवशोधातून पुढे आली होती. म(३१) ने तिला मागे टाकले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला सापडली नाही.

परिपूर्ण संख्येची जननी

ज्या संख्येच्या, ती स्वतः सोडून, सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच होते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ चे विभाजक १, २, ३ असून त्यांची बेरीज ६ आहे. २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४ असून त्यांची बेरीज २८ आहे. युक्लिडच्या ग्रंथाच्या नवव्या भागात असे सिद्ध केलेले आहे की म(न) मूळ असेल तर तिला २ च्या (न − १) व्या घाताने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते, आणि सर्व सम परिपूर्ण संख्या याच प्रकारच्या असतात हे पुढे ऑयलरने सिद्ध केले. म्हणून म(३१) मूळ ठरताच २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही १९ अंकी परिपूर्ण संख्याही हाती आली. लहानापासून मोठ्याकडे मोजल्यास मूळ असलेल्या मर्सेन संख्यांमध्ये म(३१) आठवी आहे, आणि परिपूर्ण संख्यांमध्येही ही संख्या आठवीच आहे.

इंग्लिश गणिती पीटर बार्लो याने १८११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संख्या-सिद्धांतावरील पुस्तकात या परिपूर्ण संख्येचा उल्लेख करून असे मत नोंदवले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाणार नाही, कारण अशा संख्या कुतूहलापुरत्याच असून त्यांचा काही उपयोग नाही आणि त्यामुळे त्यांच्यामागे कोणी लागणार नाही. त्या काळातील गणनसाधने पाहता हे मत अगदीच निराधार नव्हते. परंतु त्याचे दोन्ही भाग पुढे चुकीचे ठरले. मोठ्या संख्या सापडल्याच, शिवाय बार्लोने ज्या मूळ संख्येच्या आधारावर ते विधान केले तिचाच उपयोग विसाव्या शतकात घराघरांतील यंत्रांपर्यंत पोचला.

वर्ग करावा, दोन वजा करावेत

भागाकारांची चाळणी कितीही बारीक केली तरी संख्या वाढत गेल्यावर ती अपुरी पडते. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एद्वार ल्यूका याने अवयव न शोधताच मर्सेन संख्येचा निकाल लावणारी कसोटी शोधली, आणि १९३० च्या सुमारास अमेरिकन गणिती डेरिक हेन्री लेमर याने तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. ४ या संख्येपासून सुरुवात करावी, तिचा वर्ग करून त्यातून २ वजा करावेत, आलेल्या संख्येला म(न) ने भागून बाकी घ्यावी आणि त्या बाकीवर हीच क्रिया पुन्हा करावी. अशा एकूण न − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर म(न) मूळ असते आणि शून्य आली नाही तर संयुक्त असते.

म(७) म्हणजे १२७ ही संख्या घेऊन ही कसोटी पाहता येईल. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, त्यातून १२७ गेले की ६७. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४,४८७, त्याला १२७ ने भागल्यास बाकी ४२. ४२ चा वर्ग वजा २ म्हणजे १,७६२, त्याची बाकी १११. १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२,३१९, आणि ही संख्या १२७ च्या नेमकी ९७ पट असल्यामुळे बाकी शून्य. पाच पायऱ्यांत १२७ चे मूळपण सिद्ध झाले. म(३१) साठी अशा २९ पायऱ्या पुरतात, आणि प्रत्येक पायरीत दहा अंकी संख्येचा एक वर्ग व एक भागाकार एवढेच काम असते. ल्यूकाने याच तत्त्वावर म(१२७) ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. पुढे १९५१ पर्यंत म्हणजे ७५ वर्षे तीच ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. १९५२ मध्ये राफाएल रॉबिन्सन याने हीच कसोटी लॉस एंजेलिस येथील एका आरंभीच्या संगणकावर चालवून एका वर्षात पाच नव्या मर्सेन मूळ संख्या मिळवल्या.

ही कसोटी एवढी सोपी का, याचे उत्तर संख्येच्या शेजारी आहे. म(३१) च्या पुढची संख्या २ चा ३१ वा घात आहे, म्हणजे तिचे सर्व मूळ अवयव २ च आहेत, आणि ज्या संख्येच्या लगतच्या संख्येचे अवयव पूर्णपणे माहीत असतात तिचे मूळपण सिद्ध करण्याचे खास मार्ग उपलब्ध असतात. कोणतीही घडण नसलेल्या सर्वसामान्य संख्येसाठी हा मार्ग चालत नाही. अशा कोणत्याही संख्येचा निकाल, तिच्या अंकांची संख्या वाढली तरी आटोक्यात राहील अशा वेळात आणि कोणत्याही गृहीतकाशिवाय लावणारी पद्धत २००२ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी दिली. त्यांचा निबंध संख्या-सिद्धांताच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. तरीही सर्वांत मोठ्या मूळ संख्येचा उच्चांक बहुतेक वेळा मर्सेन संख्यांकडेच राहतो, कारण त्यांच्यासाठी असलेली ल्यूका-लेमर कसोटी त्या सर्वसाधारण पद्धतीपेक्षा कितीतरी वेगवान आहे.

बाकी काढण्याची सोय

९ ने भागल्यावर येणारी बाकी काढण्यासाठी प्रत्यक्ष भागाकार करण्याऐवजी संख्येतील अंकांची बेरीज करण्याची रीत सर्वांना परिचित आहे. ९ ही १० पेक्षा एकने कमी असल्यामुळे दशमान पद्धतीत ही सोय मिळते. अगदी त्याच कारणाने, २ च्या ३१ व्या घातापेक्षा एकने कमी असलेल्या म(३१) ने भागून बाकी काढताना, दिलेल्या संख्येला २ च्या ३१ व्या घाताने भागून येणारा भागाकार आणि उरणारी बाकी यांची नुसती बेरीज केली तरी काम होते. आणि संगणकाला २ च्या घाताने भागण्यासाठी द्विमान अंकांची रांग एका जागी तोडण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही.

या सोयीचा पहिला मोठा उपयोग यादृच्छिक संख्या निर्माण करण्यासाठी झाला. ज्यांच्या क्रमात कोणताही नियम दिसत नाही अशा संख्यांना यादृच्छिक म्हणतात. हवामानाच्या, रहदारीच्या किंवा अणुभट्टीतील घडामोडींच्या प्रतिकृती संगणकावर चालवताना त्यांची मोठ्या प्रमाणावर गरज भासते. लेमरने सुचवलेली रीत अशी की एक संख्या घ्यावी, तिला एका ठरावीक गुणकाने गुणावे, एका निश्चित मूळ संख्येने भागून बाकी घ्यावी आणि तीच पुढची संख्या मानावी. १९६९ मध्ये आयबीएमच्या संगणकांसाठी म(३१) ही मूळ संख्या आणि १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात हा गुणक यांची जोडी वापरण्यात आली, आणि १९८८ मध्ये स्टीफन पार्क व कीथ मिलर यांनी हीच जोडी किमान दर्जाचे परिमाण म्हणून सुचवली. १ पासून सुरुवात केल्यास पहिली संख्या १६,८०७ आणि दुसरी २८,२४,७५,२४९ येते. दुसरीला १६,८०७ ने गुणल्यावर ४७,४७,५६,१५,०९,९४३ मिळतात. त्याला २ च्या ३१ व्या घाताने भागल्यास भागाकार २,२१० आणि बाकी १,६२,२६,४७,८६३ येते, आणि या दोहोंची बेरीज १,६२,२६,५०,०७३ हीच तिसरी संख्या होय.

७ चीच निवड का झाली, याचे कारण बाक्यांच्या चक्रात आहे. म(३१) ने भागताना २ च्या घातांचे चक्र अवघ्या ३१ पावलांत संपते. ७ च्या घातांचे चक्र मात्र १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला एकदा आणि एकदाच भेट देऊन मगच १ वर परत येते. असे पूर्ण चक्र चालवणाऱ्या संख्येला त्या मूळ संख्येची जनक म्हणता येईल, आणि ७ ही म(३१) ची सर्वांत लहान जनक संख्या आहे. म(३१) च्या मागची संख्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४६, ही २, ३ चा वर्ग, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ यांचा गुणाकार आहे. तिच्या अवयवांत ५ नसल्यामुळे ७ चा पाचवा घातही पूर्ण चक्र चालवतो. दोन अब्जांची ही लांबी आजच्या गणनांना अपुरी पडते, म्हणून १९९७ मध्ये माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितींनी नवी रीत तयार केली. तिच्या चक्राची लांबीही म(१९९३७) ही मर्सेन मूळ संख्याच आहे, आणि पायथॉनसारख्या लोकप्रिय संगणकभाषेत ती रीत आजही वापरली जाते.

वर्तुळावरील बिंदू

अलीकडच्या काळात म(३१) चा आणखी एक गुणधर्म पुढे आला आहे. एखाद्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांच्याच जगात बेरीज आणि गुणाकार केले, तर त्या जगातही "दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज १" हे वर्तुळाचे समीकरण मांडता येते आणि ते पाळणाऱ्या जोड्या मोजता येतात. ७ च्या जगात ० आणि १, ० आणि ६, १ आणि ०, ६ आणि ० या चार जोड्या, तसेच २ आणि ५ यांच्यापासून बनणाऱ्या चार जोड्या, अशा एकूण ८ जोड्या मिळतात. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येच्या जगात असे बिंदू त्या संख्येहून नेमके एकने अधिक असतात. म(३१) त्याच प्रकारची असल्यामुळे तिच्या वर्तुळावर बरोबर २ चा ३१ वा घात एवढे बिंदू आहेत, आणि या बिंदूंचे पुन्हा पुन्हा निम्मे भाग करत जाता येतात. शीघ्र फूरिए रूपांतर नावाच्या गणनपद्धतीला अशाच निम्मे करत जाण्याची गरज असते. या गुणधर्माच्या आधारे, एखादी लांबलचक गणना बरोबर झाली आहे याचा छोटा पुरावा तयार करण्याच्या नव्या पद्धती २०२४ पासून पुढे आल्या आहेत.

३१ अंकांची मर्यादा

सर्वसामान्य वाचकाला ही संख्या भेटते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. ३२ द्विमान अंकांत धन आणि ऋण दोन्ही पूर्णांक साठवताना एक अंक चिन्हासाठी खर्च होतो आणि उरलेल्या ३१ अंकांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म(३१) च असते. तिच्या मूळ असण्याशी या मर्यादेचा संबंध नाही. तो केवळ ३१ वेळा १ लिहिण्याचा परिणाम आहे. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद अशा ३२ अंकी जागेत मोजतात. ही मोजणी भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी २,१४,७४,८३,६४७ वर पोचेल आणि त्यापुढील सेकंदाला, दुरुस्ती न केलेल्या यंत्रांत, तारीख १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडेल. २०१४ मध्ये यूट्यूबवरील 'गंगनम स्टाइल' या कोरियन गीताची प्रेक्षकसंख्या याच मर्यादेजवळ पोचल्यामुळे मोजणीची जागा वाढवावी लागली होती.

उघडे प्रश्न

२, ३, ५ आणि ७ या घातांकांवरून ३, ७, ३१ आणि १२७ या मर्सेन मूळ संख्या मिळतात, आणि पुन्हा त्याच संख्या घातांक म्हणून घेतल्या तर चारही वेळा मूळ संख्याच मिळते. म(३१) ही या साखळीतील तिसरी आहे. ही साखळी पुढेही अशीच चालेल असे वाटणे स्वाभाविक होते, परंतु म(१३) म्हणजे ८१९१ हा घातांक संयुक्त संख्या देतो असे १९५३ मध्ये आढळले. स्वतः म(३१) हाच घातांक घेतल्यास जी संख्या मिळते ती लिहायला ६४ कोटींहून अधिक अंक लागतात; तिचे मूळपण ल्यूका-लेमर कसोटीने तपासणे अतिशय अवघड असले, तरी ऑयलरच्या चाळणीचेच तत्त्व वापरून तिला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने भाग जातो हे सापडले आहे. हा अवयव म(३१) च्या १,३७,४९० पटीहून नेमका १ ने अधिक आहे, म्हणजे ऑयलरने १७७२ मध्ये वापरलेली अट येथेही जशीच्या तशी पाळली गेली आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट याने शोधलेली म(१३,६२,७९,८४१) ही ४,१०,२४,३२० अंकांची संख्या ज्ञात मर्सेन मूळ संख्यांपैकी बावन्नावी ठरली. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. विषम परिपूर्ण संख्या अस्तित्वात आहे काय, हा प्रश्नही तसाच उघडा आहे. बार्लोने जिला कुतूहलाची वस्तू मानले, तिच्या अभ्यासातून निघालेल्या रीती आज गणनाच्या पायाशी आहेत, आणि उपयोगाचा विचार मनात न आणता केलेल्या शुद्ध अभ्यासाचे मोल सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. ज्या वाचकाला या कामाची प्रत्यक्ष चव घ्यायची असेल त्याने कागद आणि पेन्सिल घेऊन म(१३) म्हणजे ८१९१ या संख्येवर वर दिलेली कसोटी चालवून पाहावी. एका संध्याकाळचे हे काम आहे: अकरा वेळा वर्ग करून दोन वजा करावे लागतील, प्रत्येक वेळी बाकी घ्यावी लागेल, आणि हिशेब बिनचूक असेल तर अकराव्या पायरीला शून्य येईल.